वन्संची फेरी

दादाचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शाळेच्या वेळात तो कधी फोन करत नाही, म्हणून हातातला खडू तसाच घेऊन व्हरांड्यात आले. "सुलू, तुझी वहिनी गेली गं..." एवढंच तो म्हणाला. आदल्या दिवशी वहिनी शिरूरला माहेरी गेली होती. तिथल्या तंत्रनिकेतनात महिन्यातून एकदा ती मुलींना शिकवायला जायची. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. साठीसुद्धा गाठली नव्हती तिनं. मी वर्गात परत गेले, फळ्यावरचं अर्धवट उदाहरण पुसलं आणि मुलांना काही न सांगता बाहेर पडले.

त्याला आता दीड महिना होत आला. या दीड महिन्यात भेटायला येणाऱ्यांकडून वहिनीबद्दल पुष्कळ ऐकलं. साधी होती, मायाळू होती, कधी कुणाला दुखावलं नाही... मला ऐकवेना. वहिनी साधी अजिबात नव्हती. मायाळू होती, पण वेळ आली तर समोरच्याला बिनदिक्कत दुखवायची आणि वर त्यालाच पाणी आणून द्यायची. मुख्य म्हणजे ती जिंकलेली बाई होती. माणूस गेलं की आपण त्याच्या चांगुलपणाची उजळणी करत बसतो, त्यानं मारलेली बाजी कुणी सांगत नाही. ती मी सांगणार आहे. कारण त्या बाजीतली सगळ्यात वाईट गोष्ट मी होते, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझं माहेर यवतचं. सोलापूर रस्त्याला लागून आमचं शेतीच्या अवजारांचं शेड आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, नांगर आणि कुळव बनवायला म्हणून ते काढलं. आबांच्या मागं दादानं ते चालवलं. वहिनी घोडनदीची, म्हणजे शिरूरची. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि शिरूरबाहेरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी धरली. लग्नानंतरही ती नोकरी तिनं सोडली नाही. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं रोज जा-ये करायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि नणंद म्हणून जे जे करायचं असतं ते सगळं करून पाहत होते. तिच्या आमटीला नावं ठेवली, तिच्या साडीला ठेवली, तिच्या वेळेवर उठण्यालासुद्धा ठेवली. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "वन्सं, तुमच्यासारखं परखड आमच्या कारखान्यात एक जण न्हाई बघा. तिथं सगळे साहेबाला बरं वाटंल तेच सांगत्यात." मला वाटायचं ही टोमणा मारते आहे. ती मनापासून बोलत होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

दादाला लोखंड कळतं. त्यानं कांद्याचं बी पेरायचं यंत्र बनवलं तेव्हा आमच्या भागात त्याचं फार कौतुक झालं. रोपं टाकायची, ती उपटायची, मग बायकांनी दिवसभर वाकून लावायची, यापेक्षा ट्रॅक्टरमागं यंत्र जोडून बी सरळ पेरून टाकलं तर केवढी दगदग वाचते! दादा गावोगाव जाऊन यंत्र चालवून दाखवायचा. ओळी अशा पडायच्या की वहीतल्या रेघा. लोक यंत्र घेऊन जायचे, आणि महिन्याभरात तोंड वाकडं करून परत यायचे. कुठं बी गठ्ठ्यानं पडलंय, कुठं हात-हातभर मोकळं, कुठं इतकं खोल गेलंय की उगवलंच नाही. दादा पुन्हा जाऊन चालवून दाखवायचा, तर यंत्र पुन्हा झकास चालायचं! लोकांना वाटायचं आपल्यालाच जमत नाही, दादाला वाटायचं लोकांनाच जमत नाही. माझं लग्न तोवर वरवंडला झालं होतं आणि आम्हीही कांदा करत होतो. आमच्याही रानात त्या यंत्रानं घोळ घातला. मी दादाला फोनवर सांगितलं, "तुझं यंत्र पाहुण्यांपुढं शहाणं असतं आणि घरी आलं की अंगात येतं. घेऊन जा."

सख्ख्या बहिणीनं परत पाठवलं हे मात्र त्याला लागलं. परत आलेली यंत्रं शेडपुढं ओळीनं उभी राहिली. दादा बाजारात जाईनासा झाला. दर हंगामात तो एकेक गोष्ट बदलून बघत होता. एका वर्षी स्प्रिंग घट्ट केली, पुढच्या वर्षी बी उचलणाऱ्या चकतीच्या खाचा मोठ्या केल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. शेवटी तो थकला. शेडची जागा हायवेला लागून, शेजारच्या ढाबेवाल्याला ती गाड्या लावायला हवीच होती. "एवढा एक हंगाम बघतो," दादा म्हणाला, "न्हाई जमलं तर त्याला किल्ली देऊन टाकतो आन् कुठंतरी वेल्डरची नोकरी धरतो." आबांचं शेड मोडून तिथं ट्रक उभे राहणार, या विचारानं मला रात्रभर झोप आली नाही. वहिनीनं मात्र दुसऱ्याच दिवशी कारखान्यात जाऊन राजीनामा दिला. सासरी कुणाला विचारलंही नाही.

पहिल्या आठवड्यात तिनं यंत्राला हातसुद्धा लावला नाही. दादाला म्हणाली, मला फक्त चाचणी बघायचीय. चाचणी ठरली आमच्या रानात, वरवंडला. मी यांना बजावून ठेवलं होतं की रान आहे तसंच राहू द्या, वहिनीला खरं काय ते बघायचंय. पण आमचे हे! बायकोचे दादा-वहिनी येणार, आणि रान असं ओबडधोबड दाखवायचं? लोक काय म्हणतील? पहाटे उठून यांनी दोनदा रोटर मारला, ढेकळं फोडली, कडेचं गवत काढलं, आणि धूळ उडू नये म्हणून वर पाण्याचा शिडकावा केला. बीसुद्धा दोनदा पाखडून ठेवलं. वहिनी आली, तिनं एक मूठ माती उचलली आणि बोटांतून सोडली. माती पिठासारखी गळाली. ती बांधावर बसली आणि जे हसायला लागली ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "वन्सं, तुमच्या ह्यांनी रांगोळी काढायची तेवढी ऱ्हायली!"

मग डोळे पुसून उठली. दादाला विचारलं, आजवर जिथं जिथं यंत्र दाखवलं तिथं रान कसं होतं? दादा आठवत गेला. यवतला कसं होतं, पाटसकडे कसं होतं... सगळीकडे हेच. आबांचा मुलगा येतोय म्हटल्यावर प्रत्येकानं आपलं सगळ्यात चांगलं रान निवडलं होतं आणि तेही लग्नाच्या मांडवासारखं सजवलं होतं. पाहुण्याला कुणी शिळी भाकरी वाढतं का? आणि ट्रॅक्टर चालवायचा तो स्वतः दादा, ज्याचा हात असा की पाण्यानं भरलेला तांब्या बॉनेटवर ठेवला तरी हिंदकळणार नाही. "म्हंजी आपल्या यंत्रानं खरं रान अजून पाह्यलंच न्हाई," वहिनी म्हणाली. "लोकांनी आपल्यावर माया केली, आन् त्या मायेनंच आपल्याला बुडवलं." आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता खरं रान हवं होतं, आणि ते कुणी देईना! वहिनी वरवंडला दशरथमामांकडे गेली. मामा आमच्या नात्यातले नाहीत, गावाचे मामा. ओढ्याकडचं त्यांचं रान सगळ्यांना ठाऊक होतं. खाली पाणी न मुरणारी चोपण, वर धोंडे, आणि ढेकळं डोक्याएवढी. वहिनीनं सरळच सांगितलं, "मामा, तुमचं सगळ्यात वाईट रान द्या चाचणीला." मामा उठून उभेच राहिले. "कोण म्हणतंय वाईट? माझ्या बापानं जलमभर त्यातलं धोंडं येचलं! वाईट म्हणं! मळ्यातलं घ्या, कवाबी घ्या. त्या रानाचं नाव काढू नका." वहिनी परत आली. आणखी दोघा-तिघांकडे गेली, तिथंही तेच. सगळ्या पंचक्रोशीत एकाचंही रान वाईट नव्हतं. प्रत्येकाचं रान म्हणजे सोनं.

दुसऱ्या खेपेला मीही तिच्याबरोबर गेले. मामांनी चहा पुढं केला, तिनं कप हातात घेतला पण प्यायली नाही. "मामा, ओढ्याकडच्या रानात एकसारखा कांदा कुणी आणून दावलाय का आजवर?" मामा म्हणाले, "न्हाई बा. हातानं टोकला तरी येत न्हाई. लई अवघड रान हाय ते." "व्हय ना? मग आमचं यंत्र तिथं हरलं, तर लोक म्हणतील रानच तसं हाय, तुमचं काय जातंय? आन् चाललं, तर म्हणतील दशरथमामांच्या रानात चाललं, आता कुठंबी चालंल." मामांनी एकदा ओढ्याकडं नजर टाकली. मग विचारलं, "कुळवायचंसुदीक न्हाई?" "हात लावायचा न्हाई," वहिनी म्हणाली. "आन् लोक बघाय आलं तर?" "लोकांना मी सांगते, मीच नको म्हणले म्हणून." घरातली फाटकी वाकळ पाहुण्यापुढं टाकावी लागल्यासारखं तोंड करून मामांनी रान दिलं. तेव्हा वहिनीनं चहा प्यायला, तोही गार झालेला.

पण खरी अडचण पुढंच होती. यंत्रात बदलण्यासारख्या चार गोष्टी होत्या. चकतीच्या खाचेचं माप, जास्तीचं बी झाडणारा ब्रश, जमिनीत उतरणाऱ्या फणाची स्प्रिंग आणि बी खाली सोडणारी नळी. प्रत्येकीचे तीन-तीन प्रकार दादाकडे तयार होते. मी गणिताची बाई, लगेच हिशेब मांडला. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, एक्क्याऐंशी जोडण्या झाल्या. शिवाय प्रत्येक जोडणी कोरड्या रानात, ओल्या रानात, ढेकळांत, वेगानं, सावकाश, स्वच्छ बी घेऊन, कचऱ्याचं बी घेऊन बघायची म्हटली तर आम्ही म्हातारे होऊ. पेरणीचा हंगाम तर थोडाच उरला होता. वहिनी म्हणाली, "नऊ जोडण्या बास."

मला वाटलं ही मला खुळ्यात काढते आहे. तिनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि तिखट, मीठ, चिंच, गूळ असे चार डबे पुढं मांडले. कारखान्यात ती ही पद्धत शिकली होती, मूळची जपानकडची. "वन्सं, आमटी सुधारायचीय, तर तुम्ही काय कराल? आधी तिखट कमी-जास्त करून बघाल, मग मीठ, मग चिंच. तुमचे दादा तेच करत बसलेत. मी काय करते? नऊच वेळा आमटी करते, पण अशी आखून की तिखटाचा प्रत्येक प्रकार मिठाच्या प्रत्येक प्रकाराला एकदा भेटला पायजे, चिंचेच्या प्रत्येकाला एकदा, गुळाच्या प्रत्येकाला एकदा. सगळ्यांच्या सगळ्यांशी भेटी सारख्या. मग कमी तिखटाच्या तिन्ही आमट्यांची चव एकीकडं धरा, जास्त तिखटाच्या तिन्हींची एकीकडं. बाकीचं सगळं दोन्हीकडं सारखंच वाटलेलं असतंय, म्हणून जो फरक दिसंल तो तिखटाचा. आन् त्याच नऊ आमट्या पुन्हा मिठासाठी वापरायच्या, पुन्हा चिंचेसाठी, पुन्हा गुळासाठी." मी कागद ओढला, नऊ ओळी मांडून बघितल्या. खरंच प्रत्येकाची प्रत्येकाशी एकेकदा गाठ पडत होती. इतकी वर्षं गणित शिकवून मला त्या दिवशी गणिताचा असा हेवा वाटला की विचारू नका!

"पण चांगली आमटी म्हंजी कुठली?" तिनंच विचारलं आणि तिनंच सांगितलं. "चूल कमी पेटली, जास्त पेटली, डाळ जुनी निघाली, तरी जिची चव बिघडत न्हाई ती. चूल आपल्या हातात नसती. रान, पाऊस, ड्रायव्हर आपल्या हातात नसत्यात. त्यांना सुधरायला जायचं न्हाई, यंत्रच असं करायचं की त्यांच्या नखऱ्यांनी त्याला फरक पडू नये." मग सगळ्या नखऱ्यांसाठी वेगवेगळ्या चाचण्या न घेता तिनं वाईट तेवढं एका फेरीत कोंबलं, न कुळवलेलं ओढ्याकडचं रान, न पाखडलेलं बी आणि वाईट ड्रायव्हर. आणि चांगलं तेवढं दुसऱ्या फेरीत, मामांचा मळा, निवडलेलं बी आणि दादा. "या दोन टोकांना जे टिकलं ते मधल्या सगळ्याला टिकणार," ती म्हणाली. चांगल्या फेरीचं नाव तिनं ठेवलं माहेरची फेरी. वाईट फेरीसाठी वाईट ड्रायव्हर कुठून आणायचा यावर जरा वेळ चर्चा झाली आणि मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. "वन्सं, राग मानू नका," वहिनी म्हणाली, "पण तुम्ही क्लच सोडता तवा गोठ्यातली म्हस दावं तोडती." तेव्हापासून त्या फेरीचं नाव वन्संची फेरी!

तर अशा रीतीनं मी एका थोर प्रयोगाची मुख्य अडचण झाले. एकेक जोडणी लावायची, ती दादानं मळ्यात चालवायची आणि मी ओढ्याकडच्या रानात. माती ओढणारं मागचं पातं काढून ठेवलेलं असायचं, त्यामुळं बी सरीत उघडं दिसायचं, आणि बायका काठी आडवी टाकून तेवढ्यात किती बी पडलं ते मोजायच्या. जिचे दोन्ही रानांतले आकडे जवळजवळ येतील ती जोडणी चांगली. मी मन लावून वाईट चालवत होते. एकदा दया येऊन जरा सावकाश क्लच सोडला, तर वहिनी बांधावरून ओरडली, "वन्सं, माया करू नका! नेहमीसारखं चालवा!" दशरथमामा सावलीत बसून बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायचे, "कुळवू नका म्हणल्यात बाई, म्हणून तसंच ठेवलंय बरं का."

नऊ जोडण्या संपल्या आणि वहिनीनं उत्तर काढलं, तेव्हा घरात पहिलं खरं भांडण झालं. तिचं उत्तर होतं लहान खाच, मऊ ब्रश, सैल स्प्रिंग आणि आखूड नळी. दादा दरवर्षी स्प्रिंग घट्ट करत आला होता, आणि ही सांगत होती सैल करा, म्हणजे फण ढेकळाशी भांडण्याऐवजी त्याच्यावरून निघून जाईल. तेवढं तो मान्य करायला तयार होता. पण त्यानं नऊ ओळी पुन्हा पुन्हा बघितल्या आणि म्हणाला, "मीना, ही जोडणी या नऊत न्हाईच! आपण ही एकदाबी चालवली न्हाई!" "न्हाई," वहिनी म्हणाली. "एक्क्याऐंशीत कुठंतरी होती. नऊ जणींनी मिळून तिचा पत्ता दिलाय." "आन् न चालवलेली जोडणी तू लोकांपुढं लावणार?" "लोकांपुढंच लावणार. एकट्यानं बघून आलो म्हणलं तर आता आपल्यावर कोण इश्वास ठेवंल?" दादाचं म्हणणं, निदान मळ्यात दाखवू आणि ट्रॅक्टर मी चालवतो. वहिनी म्हणाली, मळ्यात तर आपण इतकी वर्षं जिंकतोच आहोत.   "माझा हिशेब चुकला असंल तर ढाबेवाल्याला किल्ली द्या. मी आडवी येणार न्हाई. पण माहेरच्या फेरीवर जिंकल्यालं मला नको."

ठरलेल्या दिवशी ओढ्याकडं माणसं जमली. यंत्रं परत केलेले सगळे होते, ढाबेवालाही होता. वहिनीनं रानाचा निम्मा भाग आदल्या दिवशी कुळवून, रोटर मारून घेतला होता, तिथं निवडलेलं बी घेऊन दादा. उरलेल्या निम्म्यात जसंच्या तसं रान, कचऱ्याचं बी आणि मी. यंत्र एकच. आधी दादानं चालवलं, मग मी. क्लच कधी नव्हे इतका वाईट सुटला. दोन गचक्यांत तर मीच सीटवरून उडाले. मागं वळून बघायची हिंमत होईना. खाली उतरले तोवर बायकांनी काठ्या टाकल्या होत्या. दादाच्या बाजूनं आवाज आला, "एकोणीस!" माझ्या बाजूनं आला, "अठरा!"  काठी पुढं सरकली. तिकडून "वीस!" आणि इकडून "वीस!" मग सगळ्यांनी काठ्या मागून घेतल्या, जो तो आपापल्या हातानं मोजायला लागला. दशरथमामा गुडघ्यांवर बसून ढेकळांतून बी हुडकत पुढं पुढं चालले होते, आणि शेवटी तिथूनच ओरडले, "आरं, माझ्या रानाला कळलंच न्हाई की ही बाई ट्रॅक्टर चालवतीय!" दादा वहिनीकडं बघत होता. ती माझ्याकडं आली, माझे दोन्ही गालगुच्चे घेतले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वन्सं, तुमच्याइतकं वाईट कुणाला जमलं नसतं!" ढाबेवाल्यानं त्याच हंगामात पलीकडची जागा घेतली. त्याचा ढाबा चांगला चालतो, आम्ही सगळे तिथं जेवायला जातो.

पुढची वर्षं सुखाची गेली. कांद्यानंतर कोथिंबिरीचं यंत्र झालं, मग गाजराचं. प्रत्येकाच्या नऊ नाहीतर अठरा जोडण्या, प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. नव्या यंत्रासाठी नवीन स्टील, महागडं बेअरिंग असं कुणी सुचवलं की ती म्हणायची, आधी आहे त्यातच मऊ-सैल करून बघू. शिरूरच्या मुलींना शिकवताना तिनं आमटीचे डबे वर्गात नेले होते म्हणे, आणि मुलींनी नऊ आमट्या करून प्राचार्यांना चाखायला लावल्या. एक मात्र मला अजून सहन होत नाही. सगळ्या यंत्रांना वाईटातल्या वाईट दिवसासाठी तयार करणाऱ्या या बाईनं स्वतःच्या छातीची एक साधी तपासणी करून घेतली नव्हती. कधीमधी दुखतं म्हणाली होती. "वन्सं, माझं सगळं सैल सोडल्यालं हाय, काय होत न्हाई," म्हणून हसण्यावारी नेलं. मला तिचा राग येतो... आला की तिच्याशीच बोलावंसं वाटतं.

शेडच्या मागं तिनं एक तुकडा राखला होता. दरवेळी लोकांचं रान मागायला नको, म्हणून तिथं तिनं जाणून-बुजून वाईट जमीन तयार केली होती. चार ठिकाणची ढेकळं, धोंडे, उसाची धसकटं. रोज संध्याकाळी शेड बंद करायच्या आधी ती तिथं एक चक्कर मारायची, आणि पावसानं ढेकूळ विरघळलेलं दिसलं तर हळहळायची. तेराव्याला माणसं फार येणार म्हणून पाहुण्यांनी मांडव तिथं घालायचं ठरवलं. कुणी जेसीबी बोलावला, धोंडे उचलून ओढ्यात नेऊन टाकले, जमीन चोपून सपाट केली आणि वर शेणाचा सडा घातला. सगळं मायेनं केलं. दादा सकाळी मागं गेला आणि तसाच उभा राहिला.  तेरावं झालं, मांडव निघाला, तरी तो त्या तुकड्याकडं फिरकला नाही. लसणाच्या नव्या यंत्राचं काम अर्ध्यावर होतं, त्याच्यावर त्यानं ताडपत्री टाकली. मी विचारलं तर म्हणाला, "आता ते माझ्यानं व्हायचं न्हाई, सुलू. लोकांकडं वाईट रान मागाय तीच जाणे."

गेल्या रविवारी मी तिथंच होते. सकाळी शेडपुढं ट्रॅक्टर-ट्रॉली येऊन थांबली. वरून दशरथमामा उतरले, काठी टेकत, आता त्यांना नीट दिसतही नाही. ट्रॉलीत ओढ्याकडच्या रानातली ढेकळं आणि धोंडे भरलेले होते. "बाईंची जागा कुनी गुळगुळीत केली म्हणं?" असं विचारून त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ट्रॉली मागं घ्यायला लावली आणि सगळी त्या सपाट जमिनीवर ओतली. ते पाणी पीत बसले तोवर पाटसकडची एक ट्रॉली आली, तिच्यामागं यवतच्याच एकाची. त्यानं मामांच्या ढेकळांवर नजर टाकली आणि म्हणाला, "मामा, ही ढेकळं म्हंजी काहीच न्हाई. आमची बघा, पहार लागती फोडाय." मामा उखडले. "मोज, मोज की! माझ्यापेक्षा मोठं दाव एक तरी!" तिसरा म्हणाला तुमच्या दोघांचं सोडा, माझ्या रानात तर मागच्या वर्षी रोटरचं पातं तुटलं. एके काळी ज्या पंचक्रोशीत एकाचंही रान वाईट नव्हतं, ती आता माझ्या वहिनीच्या तुकड्यावर उभी राहून कुणाचं जास्त वाईट यावरून हमरीतुमरीवर आली होती. आवाज ऐकून दादा बाहेर आला. थोडा वेळ नुसता ऐकत उभा राहिला, आणि मग हसायला लागला, बांधावर बसून ती हसली होती तसा, डोळे पुसत. लसणाच्या यंत्रावरची ताडपत्री मी काढली.